लॉग उडवला तरी डिस्क भरलेलीच, आणि रीबूटनंतर दुसरंच दुखणं

प्रश्न थोडक्यात असा: सर्व्हरवर /व्हार (लॉगसारखा सतत बदलणारा डेटा राहतो ती डिरेक्टरी) पूर्ण भरलं आणि ॲप्लिकेशन अडखळायला लागलं. शोधल्यावर २२ जीबीची एक लॉग फाइल सापडली, ती ‘आरएम’ कमांडने उडवली, तरी डिस्क किती भरली ते सांगणारा ‘डीएफ’ १०० टक्केच दाखवत राहिला. शेवटी घाबरून रीबूट केला. जागा मोकळी झाली, पण डेटाची दुसरी डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे आपल्या डिरेक्टरीला जोडलीच गेली नाही, आणि त्यात आणखी पाऊण तास गेला. चूक कुठे झाली, आणि लिनक्स सर्व्हर नव्याने हाती आलेल्या माणसाने कोणत्या सवयी लावून घ्याव्यात?

चुका दोन आहेत. पहिली सगळेच करतात, मीही केली आहे. दुसरी तुमच्या सर्व्हरमध्ये बऱ्याच आधीपासून दडून बसली होती, रीबूटने ती फक्त उघडी पाडली. आधी पहिलीकडे बघू.

युनिक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. नाव डिरेक्टरीत लिहिलेलं असतं. मजकूर कुठल्या ब्लॉकमध्ये आहे, मालक कोण, परवानग्या काय, हे सगळं आयनोड नावाच्या नोंदीत. ‘आरएम’ फक्त नाव खोडतं. आयनोडकडे नेणारं शेवटचं नाव गेलं आणि ती फाइल उघडून बसलेली शेवटची प्रोसेसही (चालू प्रोग्रॅम) संपली, की मगच कर्नल (प्रणालीचा गाभा) ते ब्लॉक मोकळे करतं. तुमचं ॲप्लिकेशन लॉग फाइल उघडून बसलं होतं. नाव गेल्याचं त्याला कळलंही नाही, ते त्याच फाइलमध्ये निवांत लिहीत राहिलं. फाइलींचे आकार मोजणारं ‘डीयू’ नावांचा माग काढत फिरतं, म्हणून त्याला काही दिसेना. ‘डीएफ’ थेट फाइलसिस्टिमला हिशोब विचारतं, म्हणून त्याला जागा व्यापलेली दिसली. दोघंही खरंच सांगत होते.

अशा वेळी ‘एलएसओएफ +एल१’ चालवायचं. ज्या फाइलचं एकही नाव उरलेलं नाही पण कुणीतरी ती उघडून बसलंय, अशा सगळ्या फाइल ते प्रोसेसच्या क्रमांकासकट दाखवतं. ‘एलएसओएफ’ बसवलेलं नसेल तर /प्रॉकमध्ये, जिथे कर्नल चालू प्रोसेसची माहिती दाखवतं, प्रत्येक प्रोसेसच्या एफडी (उघड्या फाइलींच्या) डिरेक्टरीत ‘एलएस -एल’ करा. अशा फाइलपुढे ‘डिलीटेड’ असं लिहिलेलं येतं. एकदा प्रोसेस सापडली की ती सेवा रीस्टार्ट केली तरी भागतं. तीही थांबवता येत नसेल तर /प्रॉक/क्रमांक/एफडी/क्रमांक या वाटेवर ‘>’ वळवून फाइल जागच्या जागी रिकामी करता येते. हे लॉगच्या बाबतीतच करायचं. डेटाबेसच्या फाइलवर असला प्रयोग केलात तर पुढचं सगळं बॅकअपच्या भरवशावर.

याच वाटेचा दुसरा उपयोग फार थोड्यांना माहीत असतो. चुकून भलतीच फाइल उडवली आणि ती उघडून बसलेली प्रोसेस अजून जिवंत असेल, तर /प्रॉकमधल्या त्याच एफडीवरून ‘सीपी’ करून मजकूर परत मिळतो. मी एकदा असाच एक लॉग वाचवला आहे, ज्यावर दुसऱ्या दिवशी बरंच काही अवलंबून होतं. म्हणून काहीतरी उडवल्याची जाणीव होताच पहिला नियम: सेवा थांबवू नका, रीबूट तर मुळीच नको. रीबूट केला की ही शेवटची दोरीही तुटते. तुमच्या २२ जीबीमध्ये ॲप्लिकेशन एवढं का बडबडत होतं याचं कारण लिहिलेलं असणार. ते आता कायमचं गेलं.

लॉग उडवण्याऐवजी रिकामा करायचा, म्हणजे ‘ट्रंकेट -एस ०’ आणि पुढे फाइलचं नाव. आधी शेवटच्या काही हजार ओळी ‘टेल’ने दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. एक बारकावा: ॲप्लिकेशनने फाइल अपेंड पद्धतीने उघडलेली नसेल, तर रिकामी केल्यावरही ते आपल्या जुन्याच जागेपासून पुढे लिहायला लागतं. मग ‘एलएस’मध्ये फाइल पुन्हा २२ जीबीची दिसते आणि ‘डीयू’मध्ये काही केबींची. मध्ये नुसती पोकळी असते, जागा खरोखर मोकळी झालेली असते. घाबरायचं कारण नाही, पण हे माहीत नसलेला माणूस दुसऱ्यांदा घाबरतो आणि मग रीबूट करतो.

मुळात फाइल २२ जीबीपर्यंत गेलीच कशी, हे लॉगरोटेटच्या, म्हणजे जुने लॉग ठरावीक काळाने बाजूला काढणाऱ्या साधनाच्या, सेटिंगमध्ये बघा. बहुतेक वेळा एक तर त्या लॉगची नोंदच नसते, नाहीतर रोटेट झाल्यावर ॲप्लिकेशनला कुणी सांगितलेलंच नसतं. लॉगरोटेट जुन्या फाइलचं नाव बदलतं आणि त्या जागी नवी रिकामी फाइल ठेवतं. ॲप्लिकेशन मात्र जुन्या आयनोडलाच चिकटून लिहीत राहतं. वरचंच दुखणं, फक्त वेगळ्या कपड्यात. त्यासाठी ‘पोस्टरोटेट’मध्ये सिग्नल पाठवायचा असतो. बऱ्याच डीमनना (मागे चालत राहणाऱ्या सेवांना) ‘हप’ चालतो, एन्जिनएक्स या वेब सर्व्हरला ‘यूएसआर१’. ज्याला सिग्नलच कळत नाही अशा ॲप्लिकेशनसाठी ‘कॉपीट्रंकेट’ आहे, पण कॉपी आणि रिकामं करणं यांच्या मधल्या क्षणात आलेल्या ओळी हरवतात, हे मान्य करून वापरा. सेटिंग बदललं की ‘लॉगरोटेट -डी’ने कोरडी फेरी करून बघा; काही न बदलता ते काय करणार होतं ते सांगतं. सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीचा स्वतःचा लॉग, म्हणजे जर्नल, तोही फुगतो. ‘जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज’ बघा आणि ‘सिस्टिममॅक्सयूज’ला स्वतः मर्यादा घाला.

‘डीएफ’ आणि ‘डीयू’ यांचं जुळत नाही किंवा जागा दिसत असूनही लिहिता येत नाही, याची आणखी तीन कारणं मला वारंवार भेटली आहेत.

पहिलं, आयनोड संपलेले असतात. ‘डीएफ -एच’ ४० टक्के दाखवतो आणि तरी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येतं. मग ‘डीएफ -आय’ बघायचं. ईएक्सटी४ मध्ये आयनोडची संख्या फाइलसिस्टिम बनवतानाच ठरते, सहसा दर १६ केबीमागे एक. सेशनच्या किंवा मेलच्या रांगेच्या लाखो चिमुकल्या फाइल साचल्या की जागा शिल्लक राहते आणि आयनोड संपतात. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम आयनोड लागतील तसे बनवते, तिथे हा त्रास क्वचित. अशी डिरेक्टरी साफ करताना ‘आरएम *’ चालणार नाही, यादी फार लांब झाली म्हणून शेल नकार देईल. ‘फाइंड’ला ‘-डिलीट’ जोडून करा, पण ‘-डिलीट’ अगदी शेवटी. ‘फाइंड’ अटी डावीकडून उजवीकडे तपासतं. ‘-डिलीट’ नावाच्या अटीआधी लिहिलंत तर आधी सगळं उडेल आणि नाव जुळतंय का हे नंतर बघितलं जाईल. मी आधी नेहमी ‘-प्रिंट’ लावून यादी डोळ्यांखालून घालतो, मग वरचा बाण दाबून तेवढा एकच शब्द बदलतो.

दुसरं, ईएक्सटी४ वर ५ टक्के जागा रूटसाठी (सर्वाधिकारी वापरकर्त्यासाठी) राखून ठेवलेली असते. १ टीबीच्या डिस्कवर ती साधारण ५० जीबी होते. नुसत्या डेटाच्या डिस्कवर ‘ट्यून२एफएस -एम १’ करायला हरकत नाही. मूळ फाइलसिस्टिमवर मात्र ती राखीव जागा असू द्या, डिस्क भरल्यावर आत शिरून साफसफाई करायला तीच उपयोगी पडते.

तिसरं सगळ्यात छुपं. बॅकअपची डिस्क /बॅकअपवर माउंट होते. एके रात्री ती माउंट झालेली नव्हती आणि स्क्रिप्टने बिनदिक्कत मूळ डिस्कवरच्या रिकाम्या /बॅकअप डिरेक्टरीत ९० जीबी ओतले. सकाळी कुणीतरी डिस्क माउंट केली आणि ते ९० जीबी तिच्याखाली झाकले गेले. आता ‘डीयू’ला ते दिसूच शकत नाहीत. ‘माउंट --बाइंड / /एमएनटी’ करून /एमएनटीमध्ये ‘डीयू’ चालवलं की झाकलेलं सगळं दिसतं. पुन्हा होऊ नये म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप’ तपासा आणि नसेल तर तिथेच बाहेर पडा. माझी आणखी एक सवय आहे: डिस्क माउंट नसताना त्या रिकाम्या डिरेक्टरीवर ‘सीएचॲटर +आय’ लावून ठेवतो. माउंट होण्यात अडचण येत नाही, पण माउंट नसताना रूटलाही तिथे काही लिहिता येत नाही.

आता तुमची दुसरी चूक, जिच्यासाठी मी हे एवढं लिहायला बसलो.

कुठल्याही सर्व्हरच्या दोन अवस्था असतात: आत्ता चालू आहे ती आणि डिस्कवर लिहून ठेवलेली. सर्व्हर चालू असताना फक्त पहिली दिसते. तुमची दुसरी डिस्क कधीतरी कुणीतरी हाताने ‘माउंट’ करून दिली, काम झालं, सगळे घरी गेले. सुरू होताना कोणत्या डिस्क माउंट करायच्या ते जिथे लिहितात, त्या /ईटीसी/एफएसटॅबमध्ये ओळ लिहायची राहिली. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चाललं आणि रीबूटच्या क्षणी दोन्ही अवस्थांमधलं अंतर एकदम तुमच्या अंगावर आलं. डिस्क भरलेली असताना, सगळे फोन वाजत असताना, सगळ्यात वाईट वेळी.

हे फक्त डिस्कचं नाही. सेवा ‘सिस्टिमसीटीएल स्टार्ट’ने सुरू केली पण रीबूटनंतर आपोआप उठावी म्हणून ‘एनेबल’ केली नाही. ‘सिससीटीएल -डब्ल्यू’ने कर्नलची किंमत बदलली पण फाइलमध्ये लिहिली नाही. ‘आयपी राउट ॲड’ने एक राउट घातला, फायरवॉलचा एक नियम तात्पुरता म्हणून घातला. उलटंही होतं: कॉन्फिग फाइल बदलून ठेवली पण सेवा रीलोड केलीच नाही. चार महिन्यांनी कुणीतरी सहज रीस्टार्ट करतं, सेवा उठत नाही, आणि तो बिचारा विचार करत बसतो की मी तर काहीच बदललं नव्हतं. तो खरंच बोलत असतो. ज्याने बदललं तो नोकरी सोडून गेलेला असतो.

म्हणून नव्या माणसाला मी आधी कमांड शिकवत नाही. बदल करताना दोन प्रश्न विचारायला लावतो: हा बदल रीबूटनंतर टिकेल का? आणि तो फसला तर परतीची वाट कोणती? पुढच्या बहुतेक गोष्टी या दोन प्रश्नांतूनच निघतात.

एफएसटॅबपासून सुरू करू. /डेव्ह/एसडीबी असं नाव लिहू नका. डिस्क ओळखल्या जाण्याचा क्रम बदलला की नावं बदलतात. ‘एलएसबीएलके -एफ’मधून यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा कायमचा ओळखक्रमांक, घ्या. ओळ लिहिल्यावर ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा, मग डिस्क अनमाउंट करून ‘माउंट -ए’ने परत येते का ते बघा. आहे त्याच स्थितीत नुसतं ‘माउंट -ए’ केलंत तर आधीच माउंट असलेल्या डिस्कला ते हातही लावत नाही, आणि ओळ बरोबर असल्याचा खोटा दिलासा मिळतो. जी डिस्क नसली तरी सर्व्हर उठायला हवा तिला ‘नोफेल’ लावा. नाहीतर सिस्टिमडी दीड मिनिट वाट बघतं, मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं, आणि तिथे तुमचा एसएसएच (दुरून लॉगिन) पोचत नाही.

एसएसएचच्या सेटिंगला हात लावताना एक सेशन उघडं ठेवून दुसऱ्यातून काम करा. ‘एसएसएचडी -टी’ने फाइल तपासा, रीलोड करा, आणि मग तिसरं, अगदी नवं सेशन उघडून आत येता येतंय याची खात्री करा. आधीची सेशन रीलोडने तुटत नाहीत, म्हणून जुन्या खिडकीत सगळं चालतंय याला काही अर्थ नसतो. इथे एक खोडी आहे. या फाइलमध्ये एकाच सेटिंगच्या दोन ओळी असतील तर पहिली लागू होते, शेवटची नाही. नव्या डेबियन-उबुंटूमध्ये मूळ फाइलच्या सुरुवातीलाच एका डिरेक्टरीतल्या छोट्या फाइल ओढून घेणारी ओळ असते, आणि क्लाउडवरच्या बऱ्याच इमेजमध्ये तिथे ‘पासवर्डऑथेंटिकेशन येस’ लिहिलेली एक फाइल पडलेली असते. तुम्ही मूळ फाइलमध्ये खाली कितीही ठामपणे ‘नो’ लिहा, पासवर्ड चालूच राहतो. फाइल वाचून समाधान मानू नका. मोठ्या टीचं ‘एसएसएचडी -टी’, म्हणजे छोट्या टीने फक्त तपासणी होते त्याच्या पुढचं, प्रत्यक्षात लागू असलेली सगळी सेटिंग छापून देतं. तिथे बघा.

फायरवॉलसाठी परतीची वाट आधी लावून मगच बदल करायचा. चालू नियम एका फाइलमध्ये काढून ठेवा, ‘ॲट नाऊ + ५ मिनिट्स’ला ते जुने नियम परत भरायचं काम द्या, मग नवे नियम लावा. आत येता आलं तर ते काम ‘ॲटआरएम’ने रद्द करा. नाही आलं तर पाच मिनिटं चहा प्या, दार आपोआप उघडेल. मी ही पद्धत शिकलो ती एका शुक्रवारी संध्याकाळी स्वतःलाच बाहेर कोंडून घेतल्यावर. कन्सोलचा (नेटवर्कशिवाय थेट मशीनच्या पडद्यावर येण्याच्या वाटेचा) पासवर्ड ज्याच्याकडे होता तो सुट्टीवर होता. तेव्हापासून कुठलाही नवा सर्व्हर हाती आला की मी पहिल्याच दिवशी कन्सोलवरून लॉगिन करून बघतो. कन्सोल आहे हे ऐकीव असून चालत नाही.

ठरलेल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनबद्दल तक्रार करायला मला रात्र पुरणार नाही. ‘क्रॉनटॅब -ई’ म्हणजे बदला, ‘क्रॉनटॅब -आर’ म्हणजे सगळं पुसून टाका, आणि ही दोन अक्षरं कीबोर्डवर शेजारी-शेजारी आहेत. ‘-आर’ काही न विचारता पुसतं. म्हणून बदलण्याआधी ‘क्रॉनटॅब -एल’ एका फाइलमध्ये वळवा, किंवा कामं /ईटीसी/क्रॉन.डीमध्ये साध्या फाइल म्हणून ठेवा. हाताने चालवल्यावर चालते पण क्रॉनमध्ये चालत नाही, या तक्रारीमागे बहुतेक वेळा पाथ, म्हणजे कमांड कुठे शोधायची त्याची यादी, असतो. क्रॉनला तुमच्या लॉगिनचं काहीच माहीत नसतं, म्हणून कमांड पूर्ण वाटेसकट लिहा. आणि टक्क्याचं चिन्ह: क्रॉनटॅबच्या ओळीत ते नवी ओळ समजलं जातं. बॅकअपच्या फाइलला तारखेचं नाव द्यायला लोक ‘डेट +%एफ’ थेट ओळीत लिहितात आणि कमांड टक्क्यापाशीच तुटते. टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या, नाहीतर सरळ स्क्रिप्ट लिहून तीच बोलवा. आधीची फेरी संपली नसताना दुसरी सुरू होऊ नये म्हणून ‘एफलॉक -एन’. मागच्या पाच मिनिटांची स्क्रिप्ट अडकली आणि तिच्या मागे दोनशे स्क्रिप्ट रांगेत उभ्या राहिल्या, हे दृश्य एकदा बघितलं की ‘एफलॉक’ विसरायला होत नाही.

बॅकअपचं सगळ्यात बोलकं उदाहरण सार्वजनिक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या लोकांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा डेटाबेसची प्रतिकृती दुरुस्त करताना दुय्यम सर्व्हरवरची समजून मुख्य सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी उडवायला घेतली. एक-दोन सेकंदात लक्षात येऊन त्याने थांबवलं, तोवर सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबी उरले होते. मग एकेक बॅकअप उघडायला गेले. रोजचा डेटाबेस डंप होतच नव्हता, कारण डेटाबेस सर्व्हर पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप घेणारी कमांड ९.२ ची चालत होती. ती फसल्याचे मेल जात होते, पण डीमार्कच्या (मेल खरा आहे का ते तपासणाऱ्या नियमाच्या) कारणाने नाकारले जात होते, म्हणून कुणाला पत्ताच नाही. शेवटी वाचवलं ते कुणीतरी भलत्याच कामासाठी सहा तास आधी हाताने घेतलेल्या एलव्हीएम स्नॅपशॉटने, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणीच्या प्रतीने. कंपनीने हे सगळं स्वतःहून उघडपणे लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर आहे.

यातून मी दोन गोष्टी घेतल्या. एक, बॅकअप फसला तर कळवा, ही रचना अपुरी आहे, कारण कळवणारी यंत्रणाच मेलेली असू शकते. उलट करा: बॅकअप यशस्वी झाला की खूण ठेवा, आणि दुसऱ्या मशीनवरून ती खूण २६ तासांपेक्षा जुनी झाली की बोंब मारा. फाइलचा आकारही बघा. कालच्यापेक्षा निम्मा झाला असेल तर काहीतरी बिनसलंय. दोन, महिन्यातून एकदा बॅकअप खरोखर दुसऱ्या मशीनवर परत भरून बघा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. साहेब ‘किती वेळात उठेल?’ असं विचारतील तेव्हा तो आकडा तुमच्याकडे असेल.

एका जागेची दुसरीकडे हुबेहूब नक्कल करणाऱ्या ‘आरसिंक --डिलीट’ला बॅकअप म्हणू नका. ते आरसा आहे. मूळ जागेची डिस्क माउंट नसेल तर त्याला मूळ रिकामं दिसतं आणि ते इमानेइतबारे बॅकअपही रिकामा करतं. रेड (तोच डेटा एकाहून जास्त डिस्कवर ठेवण्याची रचना) म्हणजेही बॅकअप नव्हे, चुकीचा ‘आरएम’ ते दोन्ही डिस्कवर सारख्याच तत्परतेने पोचवतं.

स्क्रिप्टमध्ये ‘आरएम -आरएफ’च्या पुढे व्हेरिएबल असेल तर ते रिकामं असण्याची शक्यता धराच. बॅशमध्ये व्हेरिएबलच्या महिरपी कंसात नावापुढे ‘:?’ लिहिलं की ते रिकामं असताना कमांड चालतच नाही. सुरुवातीला ‘सेट -यू’ही असू द्या. आणि प्रॉडक्शनच्या टर्मिनलचा रंग वेगळा ठेवा. पोरकट वाटतं, पण गिटलॅबमध्ये नेमकं हेच झालं होतं: माणूस चुकीच्या मशीनवर होता.

कॉन्फिगची जुनी प्रत ‘.बॅक’ नावाने शेजारीच ठेवायची सवय बऱ्याच जणांना असते. डेबियनवरचं एन्जिनएक्स ‘साइट्स-एनेबल्ड’मधली प्रत्येक फाइल वाचतं, तुमची ‘.बॅक’सुद्धा. मग एकाच नावाच्या दोन साइट, आणि बदल का लागू होत नाही हे कळत नाही. /ईटीसीला गिटमध्ये, म्हणजे बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात, टाका. ‘ईटीसीकीपर’ नावाचं छोटं साधन तेवढंच करतं, आणि कुणी कधी काय बदललं हेही नंतर दिसतं.

सर्व्हर हळू झालाय अशा तक्रारीचं थोडक्यात. लोड ॲव्हरेज म्हणजे सीपीयूचा वापर नव्हे. लिनक्स त्यात डिस्कची किंवा नेटवर्कवरच्या फाइलसिस्टिमची वाट बघत डी अवस्थेत अडकलेल्या प्रोसेसही मोजतं. लोड ६० आणि सीपीयू रिकामा, असं दिसलं तर बहुधा एनएफएस, म्हणजे ती नेटवर्कवरची फाइलसिस्टिम, लटकलंय. त्या प्रोसेसना ‘किल -९’ मारूनही बऱ्याचदा काही होत नाही, आणि एरवीही ‘-९’ हा पहिला उपाय नसावा; साधा ‘किल’ देऊन आवरायला वेळ द्या. ‘फ्री’मध्ये मोकळी मेमरी कमी दिसली तर दचकू नका, ‘अव्हेलेबल’चा रकाना बघा. ‘व्हीएमस्टॅट १’ची पहिली ओळ सोडून द्या, ती मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. आणि सेवा एकाएकी १३७ या कोडने मेली असेल तर ते १२८ अधिक ९ आहे. ‘डीमेसेज’मध्ये ओओएम किलरचं (मेमरी संपल्यावर प्रोसेस मारणाऱ्या यंत्रणेचं) नाव सापडतं का बघा.

युनिक्सवर, म्हणजे सोलारिस वगैरेवर जायची वेळ आली तर लिनक्सची बोटं आवरा. लिनक्सवर ‘किलऑल’ नाव दिलेल्या प्रोसेस मारतं. सोलारिसवर ते नावाप्रमाणे खरोखर सगळ्या मारतं. तिथल्याच जुन्या आवृत्त्यांवर ‘होस्टनेम -एफ’ पूर्ण नाव सांगत नाही, मशीनचं नावच ‘-एफ’ करून ठेवतं. अनोळखी प्रणालीवर आधी ‘यूनेम -ए’, मग मॅन्युअलचं पान, मग हात.

आता तुमच्या सर्व्हरचं काय करायचं ते. तो पुन्हा रीबूट करा, पण यावेळी ठरवून, दिवसाउजेडी, लोकांना सांगून, कन्सोल उघडा ठेवून. /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी आहे ना ते आधी बघा. ती नसेल तर सहसा जर्नल फक्त मेमरीत राहतो आणि रीबूटबरोबर जातो. मग ‘फाइंडएमएनटी’, ‘एसएस -टीएलएनपी’, ‘आयपी राउट’, चालू सेवांची यादी, फायरवॉलचे नियम आणि ‘सिससीटीएल -ए’ हे सगळं वेगवेगळ्या फाइलमध्ये काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा. मशीन परत आलं की तेच पुन्हा काढा आणि ‘डिफ’ करा. प्रोसेसचे क्रमांक आणि काही कर्नलचे आकडे बदललेले दिसतील, ते सोडा. उरलेली प्रत्येक ओळ म्हणजे कुणीतरी हाताने केलेली आणि लिहायची राहिलेली एकेक गोष्ट. मागच्या वेळी हे केलं असतं तर तुमची दुसरी डिस्क त्यात पहिल्याच ओळीत दिसली असती.